वाचक विचारतात : व्होल्टेज उतरलं की करंट वाढतो का कमी होतो?

मागच्या अंकात मी व्होल्टेज आणि करंटवरून रेझिस्टन्स आणि पॉवर कशी काढायची ते थोडक्यात लिहिलं होतं. व्होल्टेजला करंटने भागलं की रेझिस्टन्स, व्होल्टेजला करंटने गुणलं की पॉवर, एवढंच. वाटलं होतं दोन ओळींचा विषय आहे, पण त्यावर इतके प्रश्न आले की यावेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. आणि वाचता वाचता लक्षात आलं की सूत्रं जवळपास सगळ्यांना पाठ आहेत, घोळ होतो तो सूत्र लावायच्या आधी, म्हणजे समोरच्या वस्तूत कुठला आकडा कोण ठरवतंय हे न बघताच आपण आकडेमोड सुरू करतो. बहुतेक प्रश्नांचं मूळ तिथेच आहे असं मला वाटतं.

प्रश्न : ताई, मी दहावीत आहे. पाणी तापवायच्या हीटरला बाबांनी मीटर लावून दाखवला, व्होल्टेज २३० आणि करंट ८.७ अँपिअर आला. यावरून रेझिस्टन्स आणि पॉवर काढायचीय, पण पुस्तकात पॉवरची तीन सूत्रं आहेत. त्यातलं नेमकं कुठलं लावू?

उत्तर : तुझ्या हातात व्होल्टेज आहे आणि करंट आहे, मग तेच दोन वापर की. २३० भागिले ८.७ केलं की २६.४४ ओहम, हा झाला रेझिस्टन्स. २३० गुणिले ८.७ केलं की २००१ वॅट, ही पॉवर. हीटरवर २००० वॅट छापलेलं असणार, जाऊन बघ. आता गंमत म्हणून बाकीची दोन सूत्रंही लाव. करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स, म्हणजे ७५.६९ गुणिले २६.४४, परत २००१. व्होल्टेजचा वर्ग भागिले रेझिस्टन्स, म्हणजे ५२,९०० भागिले २६.४४, तेही तेवढंच. ही तीन वेगळी सूत्रं नाहीतच, एकाच सूत्रात व्होल्टेजच्या जागी करंट गुणिले रेझिस्टन्स घातलं की दुसरं तयार होतं आणि करंटच्या जागी व्होल्टेज भागिले रेझिस्टन्स घातलं की तिसरं.

पण मुळात गुणाकारच का करायचा हे एकदा समजून घे, मग पाठ करावं लागत नाही. कूलोम हे चार्ज मोजायचं एकक. १ व्होल्ट म्हणजे दर कूलोम चार्जमागे १ ज्यूल ऊर्जा, १ अँपिअर म्हणजे दर सेकंदाला १ कूलोम चार्ज. दोन्हीचा गुणाकार केला की कूलोम कटतो आणि उरतं ज्यूल दर सेकंदाला, त्यालाच आपण वॅट म्हणतो. म्हणजे तुझा हीटर दर सेकंदाला २००० ज्यूल पाण्यात ओततोय. एक लिटर पाणी २० अंश सेल्सिअसवरून १०० वर न्यायला साधारण ३,३५,००० ज्यूल लागतात, त्याला २००० ने भाग, १६७ सेकंद येतात, पावणेतीन मिनिटं. एकदा घड्याळ लावून बघच. थोडा जास्त वेळ लागेल कारण भांडंही तापतं आणि वाफेबरोबर थोडी उष्णता निघून जाते, पण आकडा जवळपास जुळला ना की जो आनंद होतो तो परीक्षेतल्या मार्कांनी होत नाही. जेम्स ज्यूलने १८४० च्या सुमारास असंच तारेचं वेटोळं पाण्यात ठेवून, पाणी किती तापलं ते मोजून, उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते हे दाखवलं होतं.

आणि मीटरवर एम ए लिहिलेलं असेल तर ते मिलीअँपिअर, १००० ने भागल्याशिवाय सूत्रात घालायचं नाही. मीटर लावताना बाबा शेजारी पाहिजेतच, एकट्याने नको.

प्रश्न : करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स म्हटलं तर रेझिस्टन्स वाढल्यावर पॉवर वाढते. व्होल्टेजचा वर्ग भागिले रेझिस्टन्स म्हटलं तर रेझिस्टन्स वाढल्यावर पॉवर कमी होते. दोन्ही बरोबर कसं? मी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे, वर्गात विचारलं तर सगळे गप्प बसले.

उत्तर : या वेळचा सगळ्यात चांगला प्रश्न तुझा आहे, आणि वर्ग गप्प बसला म्हणून तू गप्प बसू नकोस.

बघ, "रेझिस्टन्स वाढला" असं आपण म्हणतो तेव्हा बाकीच्या दोघांचं काय झालं ते सांगतच नाही. रेझिस्टन्स वाढवताना व्होल्टेज तेवढंच ठेवलं का करंट तेवढाच ठेवला? दोन्ही एकदम तेवढेच ठेवता येत नाहीत, कारण त्यांचा भागाकार म्हणजेच रेझिस्टन्स. सॉकेटमध्ये २३० व्होल्ट आहेत, तिथे तू २६ ओहमचा हीटर लाव नाहीतर ५२ ओहमचा, सॉकेट २३० च देणार. तिथे व्होल्टेज ठरलेलं आहे, म्हणून रेझिस्टन्स दुप्पट झाला की करंट निम्मा आणि पॉवरही निम्मी, २००० ची १०००. पण एकाच वायरीत एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये दोन वस्तू असल्या की दोघींतून जाणारा करंट एकच असतो, तो एकीला जास्त दुसरीला कमी असा मिळत नाही. तिथे मग ज्या वस्तूचा रेझिस्टन्स जास्त तिच्यात पॉवर जास्त.

तारेचे जुन्या पद्धतीचे दोन बल्ब घे, एक ६० वॅटचा आणि एक १०० वॅटचा. वेगवेगळे २३० वर लावले तर १०० वाला जास्त उजेड देणार, यात काही नवल नाही. २३० चा वर्ग भागिले ६० म्हणजे ८८२ ओहम, भागिले १०० म्हणजे ५२९ ओहम. म्हणजे जास्त वॅटच्या बल्बचा रेझिस्टन्स कमी. आता दोघांना सिरीजमध्ये लाव. एकूण १४११ ओहम, करंट ०.१६३ अँपिअर, आणि करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स केलं की ६० वाल्याला साधारण २३ वॅट आणि १०० वाल्याला फक्त १४. उलटं झालं! प्रत्यक्षात तार कमी तापल्यामुळे रेझिस्टन्स बदलतो, त्यामुळे हेच आकडे येणार नाहीत, पण ६० चा बल्ब जास्त पेटतो आणि १०० चा नुसता लालसर दिसतो हे नक्की. लॅबमध्ये सरांना दाखवायला सांग, बघितल्यावर कोणी विसरत नाही.

प्रश्न : आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज २०० पर्यंत उतरतं. वायरमन म्हणतो व्होल्टेज कमी झालं की करंट वाढतो म्हणून मोटर जळते. मुलगा म्हणतो ओहमच्या नियमाने व्होल्टेज कमी तर करंट कमी. घरात रोज वाद. कोणाचं खरं?

उत्तर : दोघांचंही खरं आहे, ते दोन वेगळ्या वस्तूंबद्दल बोलतायत एवढंच.

मुलाच्या डोक्यात हीटर आहे. हीटरची तार २६.४५ ओहमची, ती २३० लाही तेवढीच आणि २०० लाही जवळजवळ तेवढीच. २०० भागिले २६.४५ म्हणजे ७.५६ अँपिअर, करंट कमीच झाला. आणि पॉवर किती बघा, २०० चा वर्ग ४०,०००, भागिले २६.४५, १५१२ वॅट. व्होल्टेज १३ टक्के उतरलं पण पॉवर २४ टक्के उतरली, कारण तिथे वर्ग आहे. संध्याकाळी पाणी तापायला एवढा वेळ का लागतो याचं कारण हे. हीटर यात खराब होत नाही, उलट आरामात चालतो.

वायरमनच्या डोक्यात पंपाची मोटर आहे. पंपाला पाणी वर चढवायचंय, ते काम व्होल्टेज उतरलं म्हणून कमी होत नाही. मोटरचा स्पीड थोडासाच पडतो, शाफ्टवरचं काम जवळपास तेवढंच राहतं, मग व्होल्टेज कमी पडलं की मोटर तेवढ्याच कामासाठी जास्त करंट ओढते. इथे ठरलेली गोष्ट रेझिस्टन्स नाही, पॉवर आहे. आणि वाढलेला करंट वाइंडिंगच्या, म्हणजे मोटरच्या आत गुंडाळलेल्या तारेच्या तांब्यातून जातो, तिथे करंटच्या वर्गाने उष्णता होते, करंट २० टक्के वाढला तर वाइंडिंगमधली उष्णता ४४ टक्के वाढते. त्यात मोटर सुरूच झाली नाही, नुसती हुं हुं करत अडकली, तर मग काही खरं नाही.

मी बरीच वर्षं रिवाइंडिंगचं काम केलंय. अशी मोटर उघडली की आधी वार्निशचा जळका वास नाकात जातो, आणि आत बघितलं तर वाइंडिंग एका ठिकाणी नाही, गोल फिरून सगळीकडे सारखंच काळं पडलेलं असतं, दोरा नखाने ओढला तर हातात भुगा येतो. एकाच जागी जळलेलं असेल तर तिथे शॉर्ट झालेला असतो, पण सगळं एकसारखं भाजलेलं दिसलं की समजायचं बिचारी बराच वेळ जास्त करंटवर चालत होती. म्हणून पंपाला ओव्हरलोड रिले, म्हणजे करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा स्विच, हवाच आणि तो मोटरच्या प्लेटवरच्या करंटप्रमाणे सेट केलेला हवा.

छताच्या पंख्याचं मात्र तसं नाही, तो हळू फिरला की हवा ढकलायचं कामच खूप कमी होतं, त्यामुळे तो नुसता मंद होतो. आणि लॅपटॉप-मोबाइलचे अडॅप्टर मोटरच्या गटात, त्यांना जेवढी पॉवर लागते तेवढी ते घेतातच, व्होल्टेज उतरलं की करंट वाढवून घेतात.

आता हे मुलाला आणि वायरमनला दोघांनाही वाचून दाखवा.

प्रश्न : ६० वॅट, २३० व्होल्टचा तारेचा बल्ब. हिशोबाने ८८२ ओहम यायला पाहिजे. मल्टिमीटरने मोजला तर ६५ ओहम. मीटर बदलून बघितला, तेच. ओहमचा नियम चुकतोय की काय?

उत्तर : मीटर बरोबर आहे, हिशोबही बरोबर आहे. तुम्ही मोजला तो थंड बल्ब, आणि ८८२ ओहम हा पेटलेल्या बल्बचा.

आतली तार टंगस्टनची, पेटली की अडीच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. तापलेल्या धातूत अणू जास्त थरथरतात, इलेक्ट्रॉनला जायला जास्त अडथळा, त्यामुळे टंगस्टनचा रेझिस्टन्स थंड असताना असतो त्याच्या तेरा-चौदा पट होतो. तुमचे ६५ आणि ८८२ यांचा भागाकार करून बघा, साडेतेरा येतो. यावरूनच कळतं की बटण दाबल्याच्या क्षणी काय होत असेल, २३० भागिले ६५ म्हणजे साडेतीन अँपिअर, आणि पेटल्यावर ०.२६. सेकंदाचा अगदी छोटा भाग तो मोठा करंट जातो आणि तारेत कुठे बारीक झालेली जागा असली तर तिथेच ती तुटते. बल्ब बहुतेक वेळा लावतानाच का जातात ते आता लक्षात आलं असेल.

हीटरची तार नायक्रोमची, म्हणजे निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूची असते, तिचा रेझिस्टन्स तापल्यावर काही टक्केच वाढतो, म्हणून हीटर थंड असताना मोजला तरी हिशोब जमतो. तांबं मधलं, दर अंशाला ०.३९ टक्के वाढतं, म्हणजे ५० अंशांनी तापलेलं वाइंडिंग जवळपास २० टक्के जास्त दाखवणार. मोटर किती तापली ते वाइंडिंगचा रेझिस्टन्स मोजून काढतात ते याच्यावरूनच.

आणि ओहमच्या नियमाबद्दल बोलायचं तर त्यात तापमान स्थिर ठेवायची अट आहेच, आपण ती वाचताना गाळतो. गेऑर्ग ओहमने हे काम १८२७ मध्ये पुस्तकात मांडलं. त्याआधी तो प्रयोगात साध्या रासायनिक बॅटऱ्या वापरत होता आणि त्यांचं व्होल्टेज सारखं हलायचं, आकडे जुळेनात. मग त्याने बिस्मथ आणि तांब्याचा जोड घेतला, एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरं बर्फात, असं केलं की व्होल्टेज अगदी थोडं मिळतं पण जागचं हलत नाही. आधी एक गोष्ट पक्की बांधून ठेवली आणि मगच दुसरी मोजली. मला ओहमबद्दल खरा आदर वाटतो तो या गोष्टीसाठी.

प्रश्न : करंट मोजायला मीटरच्या दोन्ही वायरी सॉकेटमध्ये घातल्या तर चालतं का? व्होल्टेज तसंच मोजतो ना आपण.

उत्तर : नाही. अजिबात नाही. कृपा करून हे कोणी करू नका.

व्होल्टेजवर ठेवलेल्या डिजिटल मीटरचा आतला रेझिस्टन्स साधारण १ कोटी ओहम असतो, म्हणून तो सॉकेटवर लावला तरी नावाला करंट घेतो. करंटवर ठेवला, लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घातली, की आतला रेझिस्टन्स एका ओहमच्याही बारीक भागाइतका राहतो, म्हणजे तुम्ही सॉकेटमध्ये वायरचा तुकडाच घातला. माझ्या हातून शिकाऊ असताना एकदा हे झालंय, आदल्या दिवशी करंट मोजलेला, लाल वायर तशीच राहिलेली, आणि मी व्होल्टेज बघायला टोकं लावली. मोठा आवाज, निळा-पांढरा उजेड, आणि टोकाची पितळी सुई अर्धी वितळून गोळी झालेली. डोळ्यांना काही झालं नाही हे नशीब. तेव्हापासून करंट मोजून झाला की पहिलं काम, लाल वायर काढून व्होल्टेजच्या भोकात.

घरच्या लाइनचा करंट मोजायचा असेल तर क्लॅम्प मीटर घ्या, वायर न कापता तिच्याभोवती चिमटा लावायचा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम चिमट्यात धरल्या तर शून्य दाखवेल, एकच वायर धरायची. आणि ओहमवर मोजताना वस्तूचा प्लग काढलेलाच पाहिजे.

प्रश्न : ताई, २००० वॅटचा हीटर चालू असला की प्लग इतका तापतो की हात लावत नाही. सॉकेटमध्ये व्होल्टेज बरोबर येतं, एमसीबी पडत नाही, हीटरही चालतो. मग प्लग का तापतो, आणि हे चालवून घेतलं तर चालेल का?

उत्तर : चालवून घेऊ नका, आजपासून तो प्लग वापरू नका. आता कारण सांगते, आणि ते आकड्यांत बघण्यासारखं आहे.

प्लगच्या आत वायर पिनेला स्क्रूने आवळलेली असते. स्क्रू थोडा सैल झाला, किंवा सॉकेटमधल्या पट्टीची पकड गेली, की तिथे धातू धातूला नीट टेकत नाही आणि मध्ये रेझिस्टन्स तयार होतो. समजा फक्त अर्धा ओहम. तो हीटरच्या २६.४५ च्या सिरीजमध्ये आला, एकूण २६.९५, करंट झाला साडेआठ अँपिअर. आधी ८.७ होता. म्हणजे करंट वाढला नाही, कमीच झाला! एमसीबी जास्त करंटला पडतो, त्याला इथे काही दिसतच नाही. हीटरलाही फरक जाणवत नाही. पण त्या अर्ध्या ओहममध्ये काय चाललंय बघा, साडेआठचा वर्ग साधारण ७३, त्याचं अर्धं ३६ वॅट. बोटाच्या पेराएवढ्या जागेत ३६ वॅट, सोल्डरिंग आयर्नचं टोक प्लगमध्ये बंद करून ठेवल्यासारखं.

आणि हे तिथेच थांबत नाही. तापलं की तांब्यावर काळा थर चढतो, थर चढला की रेझिस्टन्स वाढतो, आणि वर डिप्लोमाच्या मुलीने विचारलंय तीच गोष्ट इथे येते, करंट तर हीटरच ठरवतोय, तो जवळपास तेवढाच राहणार, मग सांध्यात रेझिस्टन्स वाढला की पॉवर वाढणार. अजून तापणार, अजून वाढणार.

एका घरी मी असाच प्लग उघडला होता. बाहेरून फक्त एका पिनेच्या बुडाशी पिवळसर डाग होता, बाकी प्लग नवा दिसत होता. आत स्क्रू हाताने फिरला, पेचकसही लागला नाही. वायरीतले तांब्याचे धागे काळपट तपकिरी झालेले, आणि वरचं इन्सुलेशन बोटांत दाबलं तर वाळलेल्या पानासारखं चुरलं, आतली उघडी तार दुसऱ्या वायरीपासून जेमतेम दोन मिलिमीटरवर. घरातली माणसं म्हणाली, वास येत होता चार-पाच महिने.

करायचं काय, तर प्लग नवा घ्या आणि सॉकेटही बदला, कारण एकाने दुसऱ्याला बिघडवलेलं असतं. वायरीचा काळा पडलेला भाग तांबं चमकेपर्यंत मागे कापून टाका, तशीच परत आवळू नका. नवीन लावल्यावर अर्धा तास हीटर चालवा, बंद करून प्लग काढा आणि पिनांना हात लावून बघा, कोमट चालेल, चटका बसता कामा नये. हा अर्धा ओहम मल्टिमीटरने शोधत बसू नका, मीटरच्या स्वतःच्या वायरीच ०.२-०.३ ओहम दाखवतात, आणि थंड असताना सैल सांधा कधी कधी चांगलाही दाखवतो.

याच पत्रात पुढे विचारलंय की लांब एक्स्टेन्शन वायर लावली तर. १ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीचा रेझिस्टन्स मीटरला ०.०१७२ ओहम. २० मीटरची वायर म्हणजे करंट जाऊन-येऊन ४० मीटर, एकूण ०.६९ ओहम. म्हणजे तुमच्या सैल स्क्रूपेक्षा जास्त, आणि वॅटही जास्त, साधारण ५०. तरी ती वायर चटका देत नाही कारण ते ५० वॅट ४० मीटरवर पसरलेत. पण तीच वायर रिळावर गुंडाळून ठेवून वापरली तर सगळी उष्णता एका जागी कोंडते आणि आतले थर वितळतात, म्हणून जड लोडला वायर पूर्ण उलगडूनच वापरायची. आणि २००० वॅटला १ चौरस मिलिमीटर नकोच, लांब अंतराला २.५ ची घ्या.

प्रश्न : पंखा ०.३५ अँपिअर घेतो, व्होल्टेज २३०. गुणाकार ८०.५ येतो पण पंख्यावर ७० वॅट लिहिलंय. कंपनी फसवतेय का? आणि २३० भागिले ०.३५ हा वाइंडिंगचा रेझिस्टन्स धरायचा का?

उत्तर : नाही, फसवत नाहीत. घरच्या लाइनमध्ये एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारा करंट असतो, आणि त्यावर मोटरमध्ये करंट व्होल्टेजच्या जरा मागेपुढे चालतो, त्यामुळे गुणाकार येतो तो व्होल्ट-अँपिअर, वॅट नाही. ७० भागिले ८०.५ म्हणजे ०.८७, हा पॉवर फॅक्टर. हीटर आणि तारेच्या बल्बला तो १ असतो म्हणून तिथे सरळ गुणाकार चालतो. आणि २३० भागिले ०.३५ जे ६५७ येतं त्याला इम्पीडन्स म्हणतात, त्यात कॉइलच्या चुंबकीय परिणामाचाही वाटा आहे, नुसत्या तांब्याचा रेझिस्टन्स नाही तो. तो पाहिजे तर प्लग काढून ओहमवर मोजा, वेगळाच आकडा मिळेल.

प्रश्न : १२ व्होल्टवर एक लाल एलईडी लावायचाय. रेझिस्टर किती ओहमचा आणि किती वॅटचा?

उत्तर : लाल एलईडी स्वतःवर साधारण २ व्होल्ट ठेवतो, उरले १०. करंट २० मिलीअँपिअर धरला तर १० भागिले ०.०२, ५०० ओहम. बाजारात ५६० सहज मिळतो, तो घ्या, उजेडात फरक कळत नाही. पॉवर १० गुणिले ०.०२, ०.२ वॅट. पाव वॅटचा रेझिस्टर चालेल पण गरम राहील, अर्धा वॅटचा घ्या. बरेच जण इथे १२ भागिले ०.०२ करतात, ते चूक, रेझिस्टरवर १२ व्होल्ट नाहीयेतच. ज्या वस्तूचा हिशोब करताय तिच्याच दोन टोकांमधलं व्होल्टेज घ्यायचं.

प्रश्न : टॉर्चचा सेल मीटरवर दीड व्होल्ट दाखवतो, पण टॉर्चमध्ये घातला की बल्ब मंद. सेल चांगला म्हणायचा का खराब? गाडीच्या बॅटरीचंही तसंच झालं, १२.६ दाखवते आणि स्टार्टर फिरत नाही.

उत्तर : सेल संपत आलाय. प्रत्येक सेलच्या आत त्याचा स्वतःचा रेझिस्टन्स असतो, नव्या सेलचा अगदी कमी, जुना होत गेला की वाढत जातो. मीटर जवळजवळ करंट घेतच नाही, म्हणून आतल्या रेझिस्टन्सवर काही पडत नाही आणि पूर्ण दीड व्होल्ट दिसतात. बल्ब लावलात आणि समजा ०.३ अँपिअर जायला लागला, तेव्हा परत मोजलं आणि १.२ आले, म्हणजे ०.३ व्होल्ट सेलच्या आतच गेले. ०.३ भागिले ०.३, आतला रेझिस्टन्स १ ओहम. इतका वेळ आपण सॉकेटचं व्होल्टेज हलत नाही असं धरून चाललो होतो, सेलच्या बाबतीत तसं धरता येत नाही.

गाडीच्या बॅटरीला हेच पण आकडे मोठे. चांगली बॅटरी समजा १५० अँपिअर देताना १२.६ वरून १०.२ वर येते, २.४ भागिले १५० म्हणजे ०.०१६ ओहम. एवढासा रेझिस्टन्स, तरी आत २.४ गुणिले १५०, ३६० वॅट जातात, पण काही सेकंदच म्हणून भागतं. तुमच्या बॅटरीत तो दोन-तीन पट झाला असेल तर स्टार्टरसाठी व्होल्टेजच उरत नाही. पण बॅटरी बदलायच्या आधी तिच्या टर्मिनलवरचा पांढरा-हिरवट थर घासून काढा आणि क्लॅम्प, म्हणजे बॅटरीच्या खुंट्यांवर बसणाऱ्या वायरीच्या पकडी, घट्ट करा, कारण ०.०१६ च्या हिशोबात मळलेल्या क्लॅम्पचा ०.०२ सुद्धा खूप मोठा आहे. मग कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगा आणि त्याच वेळी दोनदा मोजा, एकदा मीटरची टोकं बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर ठेवून आणि एकदा क्लॅम्पवर ठेवून. खुंट्यांवर ११ आणि क्लॅम्पवर ८ आले तर बॅटरी ठीक आहे, क्लॅम्प साफ करा. दोन्हीकडे ८ च आले तर आधी बॅटरी रात्रभर चार्ज करून हेच परत मोजा, आणि तरीही ८ च आले तर मग नवीन घ्या.